साताऱ्यात जन्मलेला 'मिठाचा साहेब' घरामागच्या किड्यामुंग्या बघत फिरायचा, तोच पुढं बीएनएचएसचा पहिला सेक्रेटरी झाला

निसर्ग बघायचा म्हणलं की आपल्या डोळ्यासमोर ताडोबा येतं. जिप्सीचं बुकिंग, पहाटेचा गजर, गळ्यात कॅमेरा आणि वाघ दिसला नाही की तोंड पाडून परत. निसर्ग म्हणजे कुठंतरी लांब असतो आणि तिथं जायला पैसे लागतात, हे आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय.

पण साधारण दीडशे वर्षांपूर्वी एक सरकारी नोकर होता. खातं मिठाचं आणि जकातीचं. बदली झाली ती अशा गावात, जिथं बघायला धुळीशिवाय काही नाही. दुसरा कुणी असता तर बदलीचा अर्ज करून मोकळा झाला असता. या माणसानं घराच्या आसपास बघायला सुरुवात केली. भिंतीवरची पाल, दिव्याभोवतीचे पाखरं, अंगणातल्या मुंग्या, तुळईतली वाळवी. त्यावर पुस्तक लिहिलं आणि ते इतकं गाजलं की आजही वाचलं जातं.

त्याचं नाव एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. पुस्तकावर तो पूर्ण नाव घालायचा नाही, फक्त तीन अक्षरं असायची, ई. एच. ए.

जन्म साताऱ्याचा, शिक्षण मुंबई विद्यापीठाचं

नाव इंग्रजी असलं तरी एटकेनला विलायतेहून आलेला साहेब म्हणता येत नाही. त्याचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ चा आणि गाव सातारा. वडील जेम्स एटकेन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते.

त्या काळात गोऱ्या लोकांची पोरं सात-आठ वर्षांची झाली की शिक्षणासाठी बोटीनं विलायतेला पाठवायची पद्धत होती. एडवर्डचं तसं झालं नाही. त्याला वडिलांनीच इथं शिकवलं. पुढं मुंबई विद्यापीठातून तो बीए आणि एमए झाला, तेही पहिल्या नंबरानं. त्यामुळं इथला उन्हाळा, इथला पाऊस आणि पावसाबरोबर येणारे किडे ही त्याच्यासाठी परक्या देशातली नवलाई नव्हती. लहानपणापासून बघितलेली गोष्ट होती. एडिंबरा त्यानं पाहिलं ते बरंच नंतर, आणि तिथली थंडी काही त्याला मानवली नाही.

१८७० ते १८७६ अशी सहा वर्षं तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवत होता. याच काळात बाळ गंगाधर टिळक या कॉलेजात विद्यार्थी म्हणून आले. म्हणजे ज्या आवारात स्वराज्याचा विचार करणारी पोरं घडत होती, त्याच आवारात हा लॅटिनचा मास्तरही वावरत होता.

एप्रिल १८७६ मध्ये त्यानं मास्तरकी सोडली आणि मुंबई सरकारच्या जकात आणि मीठ खात्यात नोकरी धरली.

बदली झाली खाराघोड्याला

खाराघोडा हे गुजरातमधलं, कच्छच्या छोट्या रणाच्या काठावरचं गाव. आजही तिथं मिठागरं आहेत. जमिनीखालचं खारं पाणी वर काढायचं, वाफ्यात पसरायचं, उन्हानं आटवायचं आणि मीठ गोळा करायचं, असं तिथलं काम. झाडं कमी, वारा जोरात आणि सगळीकडं धूळ. एटकेननं आपल्या पुस्तकात या गावाचं नावच बदलून टाकलं, डस्टीपूर. मराठीत सांगायचं तर धूळगाव.

या धूळगावच्या मुक्कामातून १८८३ मध्ये त्याचं पहिलं मोठं पुस्तक आलं, 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर'. म्हणजे माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या.

या नावात एक चेष्टा आहे. त्या काळात इंग्रज सरकारला वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांनी बेजार केलं होतं. दुसरं अफगाण युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं आणि पेपरात रोज सरहद्द, टोळ्या, हल्ले हेच विषय. एटकेननं म्हणलं की माझी सरहद्द म्हणजे माझा व्हरांडा आणि माझ्यावर चाल करून येणाऱ्या टोळ्या म्हणजे उंदीर, डास, मुंग्या, वाळवी, कोळी, बेडूक आणि कावळे.

पुस्तकाची प्रकरणंही तशीच आहेत. एक मुंग्यांवर, एक कोळ्यांवर, एक मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवर, एक फुलपाखरांच्या मागं फिरण्यावर, एक वाळवीवर. दुर्मीळ असं त्यात जवळपास काही नाही. सगळं तुमच्या-आमच्या घरातलं. पण हा माणूस एकेका किड्याकडं शेजाऱ्याकडं बघावं तसं बघतो. तो काय खातो, कुठं राहतो, कुणाशी भांडतो, पाऊस आला की काय करतो. वाचता वाचता हसू येतं आणि पुस्तक मिटल्यावर आपणही घरातल्या पालीकडं जरा वेळ थांबून बघतो.

त्याच वर्षी मुंबईत आठ जण एकत्र आले

१८८३ हे वर्ष एटकेनसाठी भलतंच धावपळीचं होतं. याच वर्षी पुस्तक आलं, याच वर्षी लग्न झालं आणि याच वर्षी १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आठ माणसं जमली. हे म्युझियम म्हणजे आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, राणीच्या बागेला लागून असलेलं.

या आठ जणांना वाटत होतं की निसर्गाचा नाद असणाऱ्यांनी महिन्यातून एकदा भेटावं, कुणी काय पाहिलं ते सांगावं, सापडलेले नमुने एकमेकांना दाखवावेत. बास, एवढंच. त्यातून उभी राहिली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजेच आजची बीएनएचएस.

आठातले दोघं मराठी होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार डॉक्टर आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. बाकीच्यांमध्ये फुलपाखरं आणि पतंगांचा अभ्यास करणारे कर्नल स्विन्हो होते. आणि आपला एटकेन होता. तोच सोसायटीचा पहिला मानद सेक्रेटरी झाला आणि मार्च १८८६ पर्यंत ते काम त्यानं सांभाळलं.

सोसायटीकडं सुरुवातीला स्वतःची जागा नव्हती. १८८४ च्या जानेवारीत एच. एम. फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापाऱ्यानं फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातली जागा दिली. १८८६ पासून सोसायटीचं जर्नल सुरू झालं. त्याचे पहिले संपादक दोघं होते, एटकेन आणि आर. ए. स्टर्नडेल. ते जर्नल आजही निघतं.

आणि हे सगळं चालवणारी बरीचशी माणसं पेशानं शास्त्रज्ञ नव्हती. कुणी डॉक्टर, कुणी लष्करातला, कुणी व्यापारी आणि एक मिठाच्या खात्यातला. ऑफिस सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी चालणारा हा उद्योग होता.

कारवारच्या अळ्या

पुढं नोकरीच्या निमित्तानं एटकेन उरण, रत्नागिरी, गोव्याची हद्द आणि कारवार अशा ठिकाणी फिरला. कारवार म्हणजे उत्तर कानडा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. हा जिल्हा आज कर्नाटकात आहे, तेव्हा मुंबई इलाख्यात होता. खाराघोड्याच्या धुळीतून आलेल्या माणसाला इथं सह्याद्रीचं जंगल मिळालं.

इथं त्याला दोन साथीदार भेटले. एक जिल्ह्याचा कलेक्टर जे. डेव्हिडसन आणि दुसरा जंगल खात्यातला टी. आर. बेल. तिघांनी मिळून फुलपाखरांचा पिच्छा पुरवला. पण त्यांची पद्धत जरा वेगळी होती, आणि एटकेनचं खरं महत्त्व समजायचं तर ती पद्धत समजून घ्यायला पाहिजे.

त्या वेळी फुलपाखरं गोळा करणं हा हौशी लोकांचा छंद होता. जाळीनं पकडायचं, टाचणीनं टोचायचं, पेटीत लावायचं. अशा पेटीतल्या फुलपाखराचा रंग कळतो, पण ते जगतं कसं ते कळत नाही. कारण फुलपाखराच्या आयुष्यात उडणं हा शेवटचा भाग असतो. त्याआधी अंडं, मग अळी, मग कोष. आणि अळी काहीही खात नाही. एकेका जातीच्या अळीला ठरावीक झाडं लागतात. मादी पानावर उतरते, पायांनी पानाची चव ओळखते आणि झाड बरोबर असेल तरच अंडं घालते.

त्यामुळं या तिघांनी अळ्या शोधायला सुरुवात केली. अळी कोणत्या झाडावर सापडली ते टिपायचं, त्याच झाडाची ताजी पानं देऊन ती वाढवायची, कोष होऊ द्यायचा आणि त्यातून कोणतं फुलपाखरू बाहेर येतं ते बघायचं. काम किचकट. रोज पानं बदलायला लागतात, मुंग्यांपासून जपायला लागतं आणि कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्याच बाहेर पडतात, कारण त्यांनी अळीच्या अंगात आधीच अंडी घातलेली असतात.

१८९० च्या दशकात त्यांची ही माहिती सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून येत गेली. कोणत्या फुलपाखराची अळी कशी दिसते, कोणतं झाड खाते, कोष कसा असतो. पश्चिम घाटातल्या फुलपाखरांवर आज काम करणाऱ्यांनाही या नोंदींपाशी यावंच लागतं. बेलला तर या नादानं असं धरलं की तो निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिला.

१८९४ मध्ये एटकेनचं 'अ नॅचरलिस्ट ऑन द प्राऊल' आलं, ते याच जंगलातल्या भटकंतीवर. आंब्याच्या झाडावर पानं जोडून घरटं करणाऱ्या लाल मुंग्यांवरही त्यानं लिहिलंय. कोकणात त्यांना ओंबील म्हणतात, आणि एकदा चावली की माणूस जन्मात विसरत नाही. या मुंग्या पानं जवळ ओढून धरतात आणि आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्यातून निघणाऱ्या रेशमानं पानं शिवतात. म्हणजे पोरंच सुईदोरा.

मग आला डास

इथपर्यंत ही एका हौशी माणसाची गोष्ट वाटेल. पण १९०२ मध्ये तोच छंद सरकारी कामाला आला.

गोव्याच्या हद्दीवर जकात खात्याच्या चौक्या होत्या. पोर्तुगीज हद्दीतून चोरून येणारा माल अडवायचा, हे त्यांचं काम. चौक्या जंगलात, घाटात, ओढ्याकाठी. आणि तिथं नेमलेली माणसं सतत तापानं फणफणलेली असायची. मलेरिया.

त्याआधी पाच वर्षं, ऑगस्ट १८९७ मध्ये, सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले होते. शतकानुशतकं लोक समजत होते की दलदलीच्या वाईट हवेनं ताप येतो. आता कळलं की गुन्हेगार डास आहे, आणि तोही सगळ्या जातींचा नाही, तर अ‍ॅनोफिलीस गटातला. त्यामुळं ताप कमी करायचा तर आधी डास ओळखता यायला पाहिजे. कोणता डास, कुठं अंडी घालतो, कोणत्या पाण्यात वाढतो.

मग सरकारनं या चौक्यांमध्ये मलेरिया का आहे आणि त्यावर उपाय काय, हे शोधायला एटकेनला पाठवलं. मिठाच्या खात्यातल्या माणसाला! कारण त्या खात्यात किड्यांकडं नीट बघता येणारा माणूस तो होता. वीस वर्षं लोकांना जो रिकामटेकडा उद्योग वाटला असेल, तो आता जवानांच्या जिवाशी जोडला गेला होता.

या कामात त्याला अ‍ॅनोफिलीसची एक नवीच जात सापडली. लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉ. जेम्स यांनी ती तपासली आणि नाव दिलं अ‍ॅनोफिलीस एटकेनी. गंमत अशी की जंगलातल्या ओढ्यांमध्ये वाढणारा हा डास मलेरिया पसरवणाऱ्या मुख्य डासांमध्ये मोजला जात नाही. पण कोणता डास धोक्याचा नाही, हे कळणंही तितकंच महत्त्वाचं असतं. नाहीतर भलत्याच डबक्यांवर मेहनत वाया जाते.

पण सगळंच गोड नव्हतं

एटकेनचं कौतुक करताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. तो ज्या खात्यात तीस वर्षं होता, ते इंग्रज राजवटीतलं सगळ्यात बदनाम खातं होतं. समुद्र आपला, ऊन आपलं, मेहनत आपली आणि मिठावर कर मात्र सरकारचा. गरिबाच्या भाकरीलाही तो कर लागायचा. चोरून मीठ करणाऱ्याला पकडणं हे या खात्याचं काम होतं. पुढं १९३० मध्ये याच करावरून दांडीला यात्रा गेली आणि आपल्याकडं शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला.

त्याचं दुसरं एक पुस्तक आहे, 'बिहाइंड द बंगलो', १८८९ चं. त्यात साहेबाच्या घरातले नोकर आहेत, खानसामा, धोबी, माळी, आया. लिहिलंय विनोदी, पण तो विनोद वरून खाली बघत केलेला आहे. मुंगीकडं इतक्या बारकाईनं बघणारा माणूस आपलं जेवण करणाऱ्या माणसाकडं मात्र मालकाच्याच नजरेनं बघतो, हे आज वाचताना टोचतं.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्याची नोकरी परक्या सरकारची होती आणि त्याच्या नोंदी आजही आपल्या कामाच्या आहेत.

शेवटची वर्षं

मे १९०३ मध्ये तो कराचीला जकात आणि मीठ खात्याचा मुख्य कलेक्टर झाला. १९०५ मध्ये त्याच्याकडं सिंधच्या गॅझेटियरचं काम आलं. १९०६ मध्ये तो निवृत्त झाला, एडिंबराला गेला आणि १९०९ मध्ये तिथंच वारला. वय अठ्ठावन्नही पूर्ण नव्हतं. त्याचे विखुरलेले लेख गोळा करून १९१४ मध्ये आणखी एक पुस्तक निघालं.

आता नांदूरघाटला येऊ

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. एटकेनच्या खात्याची हद्द तिथं पोचत नव्हती. पण त्याची पद्धत वापरायला कारवारचं जंगल लागत नाही. केज तालुक्यातल्या नांदूरघाटच्या शिवारात पावसाळ्यातल्या सकाळी एक तास चाललात तरी काम होतं. फक्त हळू चालायचं आणि झाडं ओळखत चालायचं.

बांधावर रुई असेल तर पानं उलटून बघा. काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली अळी दिसली तर ती केशरी रंगाच्या, काळ्या-पांढऱ्या टोकांच्या फुलपाखराची. रुईचा विषारी चीक ती अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. तिला लपायची गरजच नसते.

अंगणात लिंबू किंवा कढीपत्ता असेल तर कोवळी पानं बघा. पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर लगेच झटकू नका. ती लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी असू शकते. बीडच्या सीताफळाचं नाव सगळीकडं आहे, त्याच्या पानांवरही हिरव्या ठिपक्यांच्या एका चपळ फुलपाखराची अळी वाढते.

पडवीखालच्या कोरड्या धुळीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसले तर थांबा. तळाशी एक किडा दबा धरून बसलेला असतो. मुंगी घसरली की तो खालून माती उडवतो आणि तिला पकडतो. आणि पहिल्या पावसात दिसणारा मखमली लाल मृगाचा किडा हातात घेतलात तर पाय मोजा. आठ भरतील. म्हणजे तो कीटक नाही, कोळ्याच्या भावकीतला. कीटकाला पाय सहाच.

शेतकऱ्यासाठी तर हे बघणं म्हणजे थेट पैशाचा हिशेब आहे. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर तपकिरी भुंगेरे गोळा होतात. तीच पुढं उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी. तेव्हाच फांद्या हलवून ते गोळा करून मारले तर पुढचं नुकसान कमी होतं. २०१८ मध्ये भारतात आलेली अमेरिकन लष्करी अळी मक्यावर दिसली तर डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडं चौकोनात चार ठिपके बघायचे. आणि माव्यावर ताव मारणारे ढालकिडे दिसले तर फवारणीच्या आधी दोन दिवस थांबायला हरकत नाही, कारण तो आपल्या बाजूचा गडी आहे. एका फवारणीचे पैसे वाचू शकतात.

एटकेनकडं जाळी, पेटी आणि वही होती. आपल्याकडं फोन आहे. किड्याचा फोटो काढताना झाडाचाही एक फोटो काढा, तारीख आणि गावाचं नाव लिहून ठेवा. आयनॅचरॅलिस्टसारख्या अ‍ॅपवर टाकलंत तर जाणकार लोक नाव सांगतात आणि तुमच्या गावची नोंद कायमची राहते. पुणे, मुंबई आणि पश्चिम घाटात अशा नोंदी करणारे बरेच आहेत. मराठवाड्यातल्या गावांकडून मात्र अजून पुष्कळ यायचंय.